कान्हेरीला सहल नेणाऱ्या शिक्षकांना खुले पत्र

माझ्या शिक्षक-शिक्षिकांनो,

दिवाळीची सुट्टी संपली की शिक्षकखोलीत सहलीचा विषय निघतो, आणि मुंबई-ठाण्यातल्या शाळांत तो चार-पाच नावांपलीकडे सहसा जात नाही. वॉटरपार्क पालकांना महाग वाटतो, रायगडला मुक्काम लागतो, मग कोणीतरी म्हणतं, "कान्हेरीच करू या." बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली ही बौद्ध लेणी जवळ, बसचं भाडं आवाक्यातलं, पालक न्यायला यायच्या आत शाळेत परत. शिवाय 'ऐतिहासिक स्थळाला भेट' असं अहवालात लिहिता येतं. तुमच्यापैकी अनेकांनी हे केलं आहे, यंदाही काहीजण करतील. म्हणून हे पत्र तुम्हाला.

मी इतिहास शिकवायची. निवृत्त होईपर्यंत कान्हेरीला वीसेक सहली नेल्या. त्यातल्या पहिल्या बारा-तेरा मी वाया घालवल्या, आणि त्या वाया जातायत हे मला कळतही नव्हतं.

त्या कशा असायच्या ते सांगते, तुम्हाला ओळखीचं वाटेल. उद्यानाच्या दारात पहिली हजेरी. मग आत सहा-सात किलोमीटर जंगलातला रस्ता, गाणी, एक-दोन उलट्या. लेण्यांच्या पायथ्याशी दुसरी हजेरी. "पिशव्या पुढे धरा, माकडं ओढतात." पायऱ्या चढलं की डाव्या-उजव्या बाजूला काय आहे ते न बघता थेट लेणी क्रमांक 3. तिथल्या ओसरीच्या दोन टोकांना दोन प्रचंड उभे बुद्ध. मुलं "बाप रे!" म्हणणार, मी त्यांना मूर्तीपुढे तीन रांगांत उभं करणार, बुटकी पुढे, उंच मागे. फोटो. आमच्या शाळेच्या जिन्यात हे फोटो ओळीने लावलेले होते. वर्ष बदलायचं, गणवेशाचा रंग एकदा बदलला, मूर्ती तीच. आठवीतला उंचातला उंच मुलगाही बुद्धांच्या गुडघ्याच्या खाली.

फोटो झाला की मी विचारायची, "मूर्ती किती उंच?" कोरस यायचा, "सात मीटर!" "कोणी घडवली?" "सातवाहनांनी!" हे उत्तर मीच बसमध्ये सांगितलेलं असायचं. सहलीनंतरच्या निबंधात मुलं तेच लिहायची आणि मी त्यावर लाल पेनने बरोबरची खूण करायची.

ते उत्तर चूक आहे. सातवाहनांची सत्ता तिसऱ्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत संपली. त्या मूर्ती पाचव्या-सहाव्या शतकातल्या. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षांचा फरक. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक आणि आपण, यांच्यात जेवढं अंतर आहे, त्याच्या आसपासचं.

माझी चूक मला कोणा तज्ज्ञाने दाखवली नाही. सातवीतल्या एका मुलीने दाखवली, तीही नकळत. सगळे फोटोसाठी बाहेर ढकलाढकली करत होते तेव्हा ती एकटी आत जाऊन आली आणि म्हणाली, "बाई, बाहेर एवढे मोठे बुद्ध आहेत, मग आत का नाहीत?"

मी म्हणाले, "चला, डबे खायचेत."

त्या रात्री मी पुस्तकं काढली. तोवर कान्हेरीबद्दल मी पाठ्यपुस्तकापलीकडे काहीही वाचलेलं नव्हतं, हे कबूल करते.

तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या वास्तूच्या पोटातच आहे. आत जा. लांबट दालन, 34 खांब, कमानदार छत आणि टोकाला स्तूप. छताला पूर्वी लाकडी फासळ्या होत्या, त्या गेल्या, त्यांची भोकं राहिली. पूजा करायची ती स्तूपाची, प्रदक्षिणा घालायची ती त्याच्याभोवती. दुसऱ्या शतकाच्या शेवटी हे चैत्यगृह, म्हणजे स्तूपाच्या पूजेचं दालन, खोदलं गेलं तेव्हा आपल्याकडच्या लेण्यांमध्ये बुद्धांना माणसाच्या रूपात घडवायची पद्धत नव्हती. स्तूप, बोधिवृक्ष, पावलं, रिकामं आसन यांवर भागायचं. आत बुद्ध नाहीत, कारण हे घर बांधणाऱ्यांना मूर्तीची गरजच वाटली नव्हती. बाहेरचे दोन महाकाय बुद्ध हे त्या घरात तीनशे वर्षांनी आलेले रहिवासी. आले ते ओसरीत उभे राहिले, आणि आता सगळे त्यांच्याकडेच बघतात.

दालनातले खांबही नीट बघा. काहींना खाली घट, वर घट, त्याच्यावर हत्ती-घोडे-माणसं असा कार्ल्याच्या धर्तीचा थाट. बाकीचे साधे अष्टकोनी, जणू कोणी काम अर्ध्यात टाकून गेलं. नकाशा कार्ल्याचा समोर ठेवून सुरुवात झाली, पण कार्ल्याची सफाई इथे नाही. प्रमाणं जड आहेत, कोरीव काम आखडलेलं आहे. खडकही अडचणीचा: इथला बेसाल्ट एकजीव नाही, त्यात खडे-गोटे मिसळलेले. छिन्नी नीट चालायची नाही आणि पावसात लवकर झिजायचं. काम का थांबलं? पैसे संपले, दाता वारला, राज्यात गडबड झाली? हा प्रश्न फळ्यावर लिहा आणि तुम्ही गप्प बसा. माझ्या एका वर्गाने यावर अर्धा तास भांडण केलं होतं. एवढी चर्चा त्यांनी वर्षभरात कधी केली नव्हती.

आता या चैत्यगृहाचा खर्च कोणी केला? राजाने नाही. दारातल्या खांबावर ब्राह्मीत लेख आहे, बराच झिजलेला. त्यात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं नाव येतं, पण ते राज्य कोणाचं चालू होतं एवढं सांगण्यापुरतं. दान देणारे दोघे व्यापारी भाऊ, गजसेन आणि गजमित्र. त्यांनी हे भद्रयानीय पंथाच्या भिक्षूंसाठी करवलं. आपण परीक्षेत 'कोणत्या राजाच्या काळात' असं विचारतो आणि मुलांना वाटतं राजाने बांधलं. 'काळात' आणि 'ने' यांतला फरक शिकवायला महाराष्ट्रात याहून चांगली जागा नाही. पुढच्या भिंतीवर जी ऐटदार जोडपी कोरली आहेत, भरघोस दागिने घातलेली, तीही दुसऱ्या शतकातली. ती देव नाहीत, राजाराणीही नाहीत. दात्यांची जोडपी म्हणूनच ती ओळखली जातात. त्या काळच्या मोठ्या लोकांची हौस, दुसरं काय.

म्हणजे एकाच ओसरीत उभं राहून तुम्ही वर्गाला दुसरं शतक आणि सहावं शतक एकमेकांशेजारी दाखवू शकता. जोडप्यांचे अंगावर ठाशीव उठलेले दागिने, भरदार खांदे, थेट समोर रोखलेली नजर. आणि बुद्ध: अंगाला चिकटलेलं तलम चीवर म्हणजे भिक्षूचं वस्त्र, उजवा हात खाली सोडून तळवा बाहेर, म्हणजे वरदमुद्रा, डाव्या हातात वस्त्राचं टोक, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. गुप्त काळातल्या मूर्तींची सगळी लक्षणं. एक मुलगा म्हणाला होता, "बाई, हे लोक फोटोला उभे आहेत आणि ते नाहीत." शैलीतला फरक मी वर्गात तासभर सांगून त्याच्याएवढा नीट सांगू शकले नसते.

आणखी एक गंमत लक्षात आली का तुमच्या? दोन्ही बुद्ध ओसरीच्या दोन टोकांना आहेत, समोरासमोर. एकाकडे तोंड केलं की दुसऱ्याकडे पाठ होते. दोघं समोरून एका फोटोत येतच नाहीत. जिन्यातल्या आमच्या सगळ्या फोटोंत एकच मूर्ती होती, दर वर्षी तीच, कारण तिच्यावर सकाळचा उजेड बरा पडायचा. दुसऱ्या मूर्तीकडे मी बारा वर्षं नीट बघितलंच नव्हतं.

महाकाय मूर्तींचा विषय निघाला की हल्लीची मुलं बामियान विचारतात. जरूर सांगा. अफगाणिस्तानातल्या 55 आणि 38 मीटरच्या त्या मूर्ती 2001 साली तालिबानने सुरुंग लावून उडवल्या. त्या सहाव्या-सातव्या शतकातल्या होत्या, म्हणजे कान्हेरीचे बुद्ध त्यांच्याहून थोडे वडीलच. पण "आपल्या छोट्या, त्यांच्या मोठ्या" असा सामना लावू नका. त्याऐवजी तुमचं वर्गातलं नकाशाचं पुस्तक उघडा आणि विचारा की एकाच शे-सव्वाशे वर्षांत इतक्या लांबलांबच्या लोकांना बुद्ध एवढे मोठे का करावेसे वाटले. स्तूपावर समाधान मानणाऱ्यांची पतवंडं डोंगराएवढी मूर्ती मागू लागली, तर मधल्या काळात श्रद्धेचं काहीतरी बदललं असणार. महायान, म्हणजे बुद्धांची मूर्तिरूपात पूजा करणारा नंतरचा बौद्ध पंथ, हा शब्द तिथे आणा. व्याख्या म्हणून फळ्यावर लिहिलात तर तो परीक्षेनंतर आठवडाभर टिकेल.

ओसरीचा इतिहास इथे संपत नाही. वसईच्या तहाने 1534 साली साष्टी, म्हणजे हा डोंगर ज्यात येतो ते मुंबईच्या उत्तरेचं बेट, पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढे याच चैत्यगृहाचं सेंट मायकलच्या नावाने चर्च झालं. विचार करा, दारात सात-सात मीटरचे दोन बुद्ध, आत पाद्री प्रार्थना म्हणतोय, आणि मागे स्तूप. दिओगो दो कुतो नावाच्या पोर्तुगीज इतिहासकाराने या जागेबद्दल लिहून ठेवलंय, त्यातला एक धागा मला फार आवडतो. इथल्या लोकांकडून त्याला एका राजपुत्राची गोष्ट कळली, ज्याला बापाने जगातल्या दुःखापासून लपवून ठेवलं होतं. कुतोला ती आपल्या संत जोसाफातची गोष्ट वाटली. आणि ती होतीच! बुद्धचरित्र अरबांच्या, ग्रीकांच्या तोंडातून फिरत युरोपात पोचलं होतं आणि 'बोधिसत्त्व' या शब्दाचंच तिकडे झिजत झिजत 'जोसाफात' झालं होतं. गोष्ट साष्टीच्या डोंगरात परत आली, पण तिला तिचं घर ओळखता आलं नाही. 1737 ते 1739 च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी आणि वसई घेतली. चिमाजी अप्पा मुलांना माहीत असतात, कान्हेरीतल्या चर्चचा त्यांच्याशी संबंध लागतो हे माहीत नसतं.

एका ओसरीत एवढं आहे. तरीही माझी खरी विनंती अशी की या ओसरीत वीस मिनिटांहून जास्त थांबू नका. मूर्ती मोठी असली की आपण लहान होतो आणि प्रश्न विचारणं थांबतं. मुलांना तिथून बाहेर काढा आणि डोंगरावर न्या.

कान्हेरीत शंभराहून जास्त लेणी आहेत. पहिल्या शतकाच्या आसपास इथे छिन्नी लागली आणि दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत वस्ती होती. हजार वर्षं चाललेलं निवासी शिक्षणकेंद्र, असं सांगितलं की वसतिगृहातून आलेल्या मुलांचे कान टवकारतात. एखाद्या लहान विहारात, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्यात, जा. ओटा, खोली, झोपायला दगडी बाक, आणि दाराजवळ जमिनीत पाण्याचं टाकं. जवळपास प्रत्येक विहाराला आपापलं टाकं आहे. खडकावर बोटभर रुंद चर काढून पावसाचं पाणी त्यात सोडलेलं आहे. मुलांच्या तुकड्या करा, प्रत्येक तुकडीला एक टाकं द्या आणि सांगा की पाणी कुठून येतं तो चर बोटाने माग काढत शोधा. पाण्यात हात घालू नका म्हणावं, कडेला शेवाळ असतं. माझ्या अनुभवात हा सहलीतला सगळ्यात शांत अर्धा तास असतो, आणि मागच्या बाकावरचीच मुलं सगळ्यात आधी शोधून काढतात.

याच कारणाने माझी एक तक्रार आहे, आणि ती सहलीच्या वेळापत्रकाशी आहे. आपण डिसेंबर-जानेवारीत जातो. हवा छान असते, पण डोंगर सुकलेला असतो. पाऊस ओसरल्यावर लगेच, सहामाही परीक्षेच्या आधी गेलात तर टाकी भरलेली दिसतात, घळीत पाणी वाहत असतं, आणि इथे लोक हजार वर्षं का राहिले ते वेगळं सांगावं लागत नाही. मुख्याध्यापकांना हे पटवणं अवघड आहे, मला माहीत आहे. मला दोनदाच जमलं.

या टाक्यांना लेखांमध्ये 'पोढी' म्हटलंय आणि गुंफेला 'लेण'. आपला 'लेणं' हा शब्द दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या भिंतीवर लिहिलेला आहे, मराठीच्या तासालाही हे उपयोगी पडेल. पोढी कोणी दिली? कल्याणच्या सामिदत्त सोनाराने. सोपाऱ्याचा नागपालित, धंद्याने मणिकार, तोही दात्यांत आहे. नाशिक, चेमूल म्हणजे आपलं चौल, अशी गावं येतात. भिक्षुणींची नावं आहेत, घरच्या बायकांची आहेत. ही सगळी व्यापारी वाटेवरची माणसं. सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं, आणि ज्या यज्ञश्रीच्या काळात चैत्यगृह झालं त्याच्या नावाच्या नाण्यांवर जहाज छापलेलं आहे. नालासोपाऱ्याहून किंवा कल्याणहून येणाऱ्या मुलांना आपलं गाव सातवाहनकालीन दगडावर आहे हे कळतं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. त्या भागातल्या शाळांनी तर यादी करूनच जावं.

मागाठाण्याच्या मुलांसाठी वेगळं सांगते. यज्ञश्री सातकर्णीच्या राज्याच्या 16 व्या वर्षी कल्याणच्या अपरेणुक नावाच्या व्यापाऱ्याने एक लेणं दिलं आणि त्याबरोबर 'मंगलठाण' गावातलं एक शेत, भिक्षूंच्या चीवरांची कायमची सोय व्हावी म्हणून. ते मंगलठाण म्हणजे मागाठाणे. आज त्या नावाचं मेट्रो स्टेशन आहे. भांडवलाला हात न लावता उत्पन्नावर खर्च भागवायचा, याला अक्षयनीवि म्हणत. वाणिज्य शाखेच्या शिक्षकांना सहलीला बरोबर घ्या, मुदत ठेवीचं याहून जुनं उदाहरण त्यांना वर्गात मिळणार नाही.

क्रमांक 5 जवळचं टाकं चुकवू नका. तिथला लेख संस्कृतात आहे, इतर बहुतेक प्राकृतात. वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाची राणी ही कार्दमक कुळातली, एका महाक्षत्रपाची म्हणजे पश्चिमेकडच्या शक राजाची मुलगी, असं तो सांगतो. बापाच्या नावाची अक्षरं तुटली आहेत, पहिलं 'रु' तेवढं उरलंय, आणि अभ्यासक ते रुद्रदामन असं वाचतात. टाकं दिलं ते सतेरक नावाच्या अमात्याने. आता वर्गात शिकवलेला जुनागढचा लेख आठवा. रुद्रदामन तिथे म्हणतो की दक्षिणापथाच्या सातकर्णीला मी दोनदा हरवलं, पण नातं जवळचं म्हणून त्याला संपवलं नाही. हरवलं कोणी ते तिकडे गुजरातेत लिहिलंय, नातं कोणतं ते इकडे बोरिवलीच्या पाण्याच्या टाक्यावर. दोन राजघराण्यांतलं लग्न आपल्याला कळतं ते एका मंत्र्याला भिक्षूंच्या तहानेची काळजी होती म्हणून. हा लेख मी पहिल्यांदा समजून घेतला तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होते आणि या टाक्याशेजारून डझनभर वेळा गेलेली होते. बहुतेक वेळा त्याच कट्ट्यावर बसून पाण्याची बाटली उघडली असेन.

पुढचं घाईने सांगते, कारण एका दिवसात सगळं होत नाही आणि करायलाही जाऊ नये. क्रमांक 11 मध्ये दोन लांबच लांब बुटके दगडी ओटे आहेत, पंगतीसारखे. तिथे मुलांना खरंच बसवा आणि तास घ्या. याच लेण्यातल्या नवव्या शतकातल्या लेखात राष्ट्रकूट अमोघवर्ष आणि कोकणचा शिलाहार कपर्दी यांच्या काळात, शके 775 मध्ये, थेट गौड देशातून म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकराने 100 द्रम्म (त्या काळची नाणी) ठेवल्याचं लिहिलंय. क्रमांक 34 च्या छतावर रंगांचे अवशेष आहेत. क्रमांक 41 मध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व आहे, भारतात असा फार दुर्मिळ. त्याच्यापुढे "किती तोंडं मोजा" हा खेळ लहान वर्गांना पुरतो. आणि एका बाजूला, जिथे कोणी नेत नाही, तिथे विटांच्या लहान लहान स्तूपांचे चौथरे आहेत: इथेच जगलेल्या आणि इथेच वारलेल्या वडीलधाऱ्या भिक्षूंच्या समाध्या. त्यांच्यावरचे लेख शोभना गोखले यांनी उजेडात आणले आणि वाचले. तिथे काही बोलू नका. मुलं आपोआप हळू बोलतात.

एका लेण्याबद्दल मात्र थांबून लिहायला हवं, कारण तिथे माझी फजिती झाली. क्रमांक 90 मध्ये पहलवी, म्हणजे जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत. इसवी सन 1009 आणि 1021 मध्ये पारशी मंडळी इथे आली आणि त्यांनी भिंतीवर आपली, आपल्या वडिलांची नावं आणि तारीख कोरून ठेवली. मी हे मोठ्या उत्साहाने सांगत होते. संजाणच्या बाजूला आलेले पारशी, त्यांचा इथला इतका जुना लिखित पुरावा वगैरे. एक मुलगा शांतपणे म्हणाला, "बाई, मग हे सहलीलाच आले होते ना? त्यांनी नाव कोरलं तर तो इतिहास, आणि मी कोरलं तर तुम्ही मला घरी पाठवणार."

त्याच्या आदल्याच लेण्यात मी भिंतीवरचे बदामात लिहिलेले नावांचे कोरीव प्रकार दाखवून पंधरा मिनिटं रागावले होते. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी कायदा सांगितला: 1958 चा प्राचीन स्मारकांचा कायदा, 2010 नंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तो म्हणाला, "पण तेव्हा नव्हता ना." बरोबर आहे, तेव्हा नव्हता. मग एक मुलगी म्हणाली की तेव्हा इथे भिक्षू राहत होते, त्यांना विचारून कोरलं असेल. दुसरा म्हणाला की त्यांनी मूर्तीवर नाही कोरलं. तिसरी म्हणाली, हजार वर्षांनी आपलं नाव पण इतिहास होईल. पहिला म्हणाला, "तेच तर मी म्हणतोय!" मी निकाल दिला नाही, बस सुटायची वेळ झाली होती. पण परतीच्या वाटेवर गाणी झाली नाहीत, हे भांडणच बोरिवलीपर्यंत चाललं. हा प्रश्न तुमच्या वर्गात कोणी काढला नाही तर तुम्ही काढा.

आता थोड्या व्यवहाराच्या गोष्टी. विजेऱ्या न्या, पण रंगाच्या अवशेषांवर मारू नका. ब्राह्मीचा तक्ता आठवडाभर आधी वर्गात लावा. क अधिकच्या चिन्हासारखा, ठ वाटोळा, एवढं आलं तरी मुलं भिंतीला नाक लावून उभी राहतात. हात लावू द्यायचा नाही, ही अट आधीच घाला. 'कान्हेरी' हे कान्हा किंवा कृष्णदेवावरून नाही, काळा डोंगर म्हणजे कृष्णगिरी, लेखांतलं 'कण्हगिरी', हे बसमध्येच सांगून टाका. बसचा चालक "पांडवांनी एका रात्रीत खोदली" असं म्हणाला तर त्याला तोडू नका. क्रमांक 1 अर्धवट आहे, दुमजली करायचा बेत होता आणि तसंच राहिलं. ते दाखवून मुलांनाच विचारा की रात्र कुठे संपली. डबे लेण्यात उघडायचे नाहीत, माकडं खरोखर ओढतात. वाटेवर पाड्यांवरच्या बायका काकडी, पेरू, बोरं घेऊन बसलेल्या असतात, मुलांना दहा-वीस रुपये खर्चायची मुभा द्या. त्या या डोंगरातल्याच आहेत, आणि तुमच्या मुलांशी बोलायला त्यांना आवडतं.

फोटो काढा, मी अगदीच नको म्हणत नाही. फक्त शेवटी काढा, निघताना. आणि शक्य झालं तर या वेळी दुसऱ्या बुद्धांपुढे.

सहलीचा अहवाल लिहिताना 'मूर्ती सातवाहनांनी घडवल्या' असं माझ्या जुन्या टिपणांतून कोणाकडे गेलं असेल तर तेवढं खोडा. आणि हो, सोमवारी उद्यान बंद असतं. हे मी 48 मुलं, दोन शिपाई आणि तीन पातेली पुलाव घेऊन बंद दारासमोर उभी राहिल्यावर शिकले.

तुमच्यातलीच,
इतिहासाची एक निवृत्त बाई